दोन्ही खांदे टेकले की

फाल्गुन वद्य चतुर्थी, शके १८१०

आज पोलीस पाटील आनंदा पाटील आमच्याकडे आले आणि ओटीवर बसण्याआधीच ह्यांना म्हणाले, "महिपत, जत्रंच्या कुस्त्यांना यंदा पंच तू."

हे म्हशीला धूत होते. मान वर न करता म्हणाले, "माजा गुडघा गेला, पाटील. आखाड्यात मना काय काम?"

"गुडघा गेला. डोले तं हायेत ना?"

गूळपाणी घेऊन पाटील निघून गेले. होकाराची वाट त्यांनी पाहिलीच नाही.

(पाटलांचे बोलणे मी जसे ऐकले तसे लिहिले आहे. माझे स्वतःचे मात्र ठाण्याच्या मुलींच्या शाळेत शिकवले तसे शुद्ध करून लिहीन. आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली, तेव्हा एवढे तरी करायलाच हवे. पण दुसऱ्याच्या तोंडचे शब्द सुधारणे बरे नाही.)

आमच्या गावचा आखाडा बंद का आहे ते मला लग्न होऊन इथे आल्यावर कळले. चैत्री पौर्णिमेला मारुतीची जत्रा भरते. कल्याणचे, शहाडचे, ठाण्याचेसुद्धा पैलवान पूर्वी इथे येत. एका वर्षी पंचाचा निकाल लोकांना पटला नाही, काठ्या निघाल्या, डोकी फुटली आणि मामलेदारांनी कुस्त्याच बंद केल्या. यंदा परवानगी मिळाली आहे, पण निकालावरून तंटा झाला तर आखाडा कायमचा बंद. म्हणजे सगळे पंचावर आले. म्हणजे ह्यांच्यावर.

जेवताना मी विचारले, "नाही म्हटले तर चालणार नाही का?"

हे म्हणाले, "तालमीनं मना अंग दिला, नाव दिला. मी तिला काय दिला? मोडका गुडघा." आणि आमटी ओरपत राहिले.



फाल्गुन वद्य षष्ठी

पंचाने नेमके काय पाहायचे असते ते मला ठाऊक नाही, कारण बायकांना आखाड्याजवळ जाऊ देत नाहीत. पण ज्या कामात घरचा माणूस चुकू शकतो ते काम मला माहीत नसावे, हे मला सहन होत नाही. म्हणून दुपारी मी गोधडीची गुंडाळी केली, वरच्या टोकाला डोके म्हणून उशी बांधली आणि ह्यांना विचारले, "पाठ लागली असे केव्हा म्हणायचे?"

"दोनी खांदे मातीला टेकले की."

"एकदम टेकायला हवेत, की एकामागून एक चालतील?"

"एकदम."

"आणि टेकून किती वेळ राहायला हवेत?"

"येल नसतो. टेकले, संपला."

"एक पुरता टेकला आणि दुसरा जेमतेम टेकला, तर?"

ह्यांनी गोधडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "सगुणा, ता दिसता."

"दिसते म्हणजे? कशावरून दिसते?"

"भाकर झाली ता तुना कशी कलते?"

"फुगते."

"मंग?"

याला उत्तर म्हणत नाहीत. मी तसे सांगितले. इतक्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "गोधडी चीत जाली का? जाली असंल तं उन्हात घाल, वास येतंय."

फाल्गुन वद्य दशमी

भलतेच संकट. आज धाकू आला. हा तालमीतला सर्वांत जोरदार गडी. गुडघा गेल्यापासून हे त्याला शिकवतात, म्हणून तो ह्यांना वस्ताद म्हणतो. हे शेतावर गेलेले पाहून माझ्याशी हळूच बोलला, "वैनी, वस्तादांना जरा सांगा. सवय व्हावी म्हनून आमी त्यांना तालमीत पंच केला. तं जो खाली जाईल त्याला वस्ताद वरून वरडून डाव सांगतान! मी खाली गेलो तं मना, दुसरा गेला तं त्याला. कुस्ती संपंना. कोन पडंचना!"

संध्याकाळी ह्यांना विचारले तर ओशाळे झाले. "खाली दबलेला मानूस मना बगवत नाय."

मी पुष्कळ विचार करून उपाय काढला. पंचाचे काम चालू असेतो तोंडात सुपारी धरायची.

फाल्गुन वद्य द्वादशी

सुपारीचे खांड गिळले गेले. उचक्या लागल्या. उद्यापासून अख्खी सुपारी.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८११

नवे वर्ष असे सुरू व्हायला नको होते.

शेजारच्या गोदूबाईंची लेक ठाण्याला नौपाड्यात दिली आहे, माझ्या माहेराच्या अगदी जवळ. गोदूबाई काल तिथून आगगाडीने परतल्या आणि आज गुढीला हार घालताना कुंपणावरून ओरडल्या, "सगुणे, तुजा दादा येतंय हं जत्रंला! कड्याची कुस्ती धरनार!"

जत्रेतली शेवटची कुस्ती चांदीच्या कड्याची असते. आमच्याकडून ती धाकू धरणार हे ठरलेले. म्हणजे एका बाजूला धाकू, दुसऱ्या बाजूला माझा सख्खा भाऊ काळुराम, आणि मध्ये पंच म्हणून हे! माझ्या हातातली कडुनिंबाची वाटी खाली पडली.

मी ह्यांना तसेच पाटलांकडे पाठवले. म्हटले, सांगा, दुसरा पंच पाहा. परत आल्यावर हसत होते. पाटील म्हणाले म्हणे, "एकीकडं चेला, दुसरीकडं मेवना. तराजू सरल हाय की! आनी हितं मेवना नसलेला पंच मी कुठून आनू? सगला मुलूख एकमेकांचा मेवना हाय."

कोणालाच गांभीर्य कळत नाही. चेल्याचे काय, चेला परका असतो. भाऊ हा भाऊ असतो. लोक चेल्याचे नाव घेणार नाहीत, बायकोच्या भावाचे घेतील. म्हणून मी ह्यांना नियम घालून दिला की, जरा जरी संशय आला तर निकाल दादाच्या विरुद्ध द्यायचा.

"आनी संशय नाय आला तं?"

"तरी थोडा धरायचा. नात्याचा डोळा आपल्याच माणसाकडे झुकतो आणि आपल्याला ते कळतही नाही."

हे बराच वेळ आपला गुडघा चोळत बसले. मग "बरा," म्हणाले. इतका मोठा वस्ताद माणूस माझे ऐकतो याचे मला समाधान वाटले. तेवढीच भीतीही वाटली.

चैत्र शुद्ध अष्टमी

मारुतीला गेले होते. "योग्य असेल तोच जिंको" असे मनात म्हटले, पण 'योग्य' म्हणताना डोळ्यांपुढे दादा आला. हे ठीक नाही. पुन्हा हात जोडले आणि धाकूला डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. तो येईना, त्याचे नुसते कान आले. शेवटी काही न मागता प्रदक्षिणा घालून परतले.

मी इथे स्पष्ट लिहून ठेवते की, कोणीही जिंकले तरी मला सारखेच. दादाला गार पाण्याने आंघोळ केली की सर्दी होते आणि आमच्या नदीचे पाणी फार गार आहे, एवढे मात्र कोणीतरी त्याला सांगायला हवे. हे मी कोणाही पाहुण्याला सांगितले असते.

चैत्र शुद्ध चतुर्दशी

दादा आला. किती वाळला आहे! सासूबाई म्हणतात की दारातून आत येताना तो तिरपा झाला नसता तर चौकट निघाली असती. पण त्यांनी त्याला पूर्वी पाहिलेले नाही.

एकट्या दादाला जेवू घालणे बरे दिसले नसते, म्हणून मी धाकूलाही बोलावले. दोघे शेजारी शेजारी बसले. मी तूप सारखेच वाढले. मग धाकूचे थोडे कमी वाटले म्हणून त्याला आणखी घातले. मग दादाचे कमी दिसू लागले.

"बाय गो," दादा म्हणाला, "आमच्या पानात अशी वाकून काय बगतेस? काय हरवला हाय का?"

धाकू म्हणाला, "वाढा वैनी, तुमच्या दादाला वाढा. जड मानूस आपटला की आवाज बरा येतो."

"आवाज येईल, पन तो तुना खालून आयकू येईल," दादा म्हणाला, आणि दोघेही ठसका लागेपर्यंत हसले. उद्या एकमेकांना आपटणारी माणसे आज एकमेकांना पाण्याचा तांब्या देत होती. मला हे कधीच जमले नसते.

मग दादा ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "भावजी, उद्या गरीब मेवन्यावर लक्ष असू द्या."

मी पळी खाली ठेवली आणि सांगितले की पौर्णिमा होईपर्यंत या घरात असे बोलणे चालणार नाही. सगळे हसले. हे हसले नाहीत.

चैत्र पौर्णिमा

आज सर्व उत्तम पार पडले. तंटा झाला नाही. आखाडा राहिला.

बायकांसाठी मैदानाच्या कडेला बैल सोडून गाड्या उभ्या केल्या होत्या. आमच्या गाडीवर मी, सासूबाई आणि गोदूबाई होतो. हे फेटा बांधून लाल मातीत उतरले तेव्हा लंगडत होते, पण पहिली जोड लागताच लंगडणे कुठे गेले कोण जाणे. सुपारी सुरुवातीलाच पडली. तरी तोंडातून शब्द नाही. पडलेल्याला आधी उठवीत आणि मगच जिंकलेल्याचा हात वर करीत. एकही निकाल कोणी मोडून काढला नाही. सासूबाई चणे खात म्हणाल्या, "माजा पोरगा." बस, एवढेच.

शेवटी दादा आणि धाकू. सलामी झाली. बराच वेळ नुसती माना-हातांची ओढाताण. मग दादा एकाएकी खाली गेला, धाकूचा पाय धरून त्याने त्याला उचलले आणि पाठीवर टाकले. धाकू तत्क्षणी उलटून पोटावर आला. हलगी थांबली. हे अगदी जवळ दुखऱ्या गुडघ्यावर वाकलेले होते. त्यांनी मान वर करून गाड्यांकडे पाहिले. मी लगेच आपल्या पायांकडे पाहू लागले, नाहीतर लोक म्हणायचे बायकोने खूण केली. पुन्हा वर पाहिले तेव्हा हे हात हलवून सांगत होते, नाही, लागली नाही, चालू द्या.

नंतर डोंगराआड सूर्य जाईपर्यंत कोणी पडले नाही. पाटलांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. बरोबरीची झाली की कडे वर्षभर मारुतीच्या पायाशी राहते, तसे ते ठेवले. मग लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतले! "सख्खा मेवना, पन सोडला नाय!" कल्याणच्या तालमीच्या वस्तादाने स्वतःच्या डोक्यावरचा फेटा ह्यांच्या डोक्यावर ठेवला.

मला फार अभिमान वाटला. दादाने धाकूला टाकले तेव्हा काय झाले ते मला इतक्या लांबून दिसले नाही.

वरचे वाक्य खोटे आहे. खोडत नाही, पण खरे खाली लिहिते. दोन्ही खांदे टेकले होते.

चैत्र वद्य प्रतिपदा

सकाळी उठले तर नवा फेटा खुंटीवर तसाच होता आणि हे त्याच्याकडे पाठ करून बसले होते. दादा गाठोडे बांधत होता. "बाय, तोंड कनाला पाडलास? मातीत असा व्हतोच," म्हणाला, पण माझ्याकडे न पाहता. मग नदीवर गेला. गार पाण्याचे सांगायचेही माझ्या लक्षात राहिले नाही.

मी ह्यांना विचारले, "काल तुम्हाला दिसले होते?"

"दिसला. तुना?"

"दिसले."

"इतक्या लांबून?"

"दिसते ते," मी म्हणाले. "मग नाही का म्हणालात?"

 "हात वर करनार होतो. तेवढ्यात मनात आला, हा नात्याचा डोला असंल."

म्हणजे हे मी केले. एका बाजूला झुकू नयेत म्हणून मी त्यांना दुसऱ्या बाजूला ढकलून ठेवले होते आणि त्याला सरळ उभे राहणे म्हणत होते. माझ्या नियमाने माझाच भाऊ लुबाडला गेला, आणि ह्यांनी तालमीला जे परत द्यायचे म्हणून पंचाचे काम घेतले, तेच खोटे झाले.

तरीही मी लगेच सांगू लागले की आता बोलून काय उपयोग, लोक खवळतील, काठ्या निघतील, पाटलांना मामलेदारांकडे कळवावे लागेल, आखाडा जाईल, काल खांद्यावर घेतले तेच लोक आज तोंडावर थुंकतील. हे सगळे खरेच होते. हे ऐकत होते.

चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पंच कुस्ती बगतो का लोकांची तोंडा? एक काय ता ठरवा. आनी काय करायचा ता बिगी करा, पालखी उठंल."

हे उठले. नवा फेटा घेतला नाही, उघड्या डोक्यानेच देवळाकडे निघाले. मी आणि सासूबाई मागोमाग.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मारुतीची पालखी निघते, तिला खांदा द्यायला सगळा गाव जमला होता. हे पायरीवर उभे राहिले. "काल माजा निकाल चुकला. धाकूची पाठ लागली होती. मना दिसला. पन मेवन्याला दिली असा लोक बोलतील म्हनून मी भ्यालो. कुस्ती कालुरामची."

 मग एकच गलका. "काल लय न्यायाचा, आज सासुरवाडीचा!" "घरी बायकोनं शिकवला!" "फेटा परत दे!" धाकूच्या चुलत्याने काठी उचलली. नदीपलीकडून दादाच्या बाजूने आलेली माणसेही काठ्या शोधू लागली. पाटलांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. मी सासूबाईंचा हात इतका घट्ट धरला की त्यांची एक बांगडी वाढली. म्हटले, संपले. आखाडा गेला, आणि तोही खरे बोलून गेला.

तेवढ्यात धाकू गर्दीतून पुढे आला. "वस्ताद खरा बोलतान. माजी पाठ लागली होती."

चुलता ओरडला, "तुना काय म्हाईत?"

"पाठ माजी हाय. मना नाय तं कुनाला म्हाईत? कालच बोलायला पायजे होता. गप बसलो."

आता चुलत्याची पंचाईत झाली. ज्याच्यासाठी काठी उचलली तोच म्हणतो मी पडलो, तर हाणायचे कोणाला? त्याने काठी हळूच खाली केली आणि जणू पायाला खाज सुटली होती म्हणूनच ती घेतली होती, असे तिने पोटरी खाजवू लागला. कोणीतरी फस्सकन हसले. मग आणखी कोणी.

पाटलांनी संधी साधून कडे उचलले आणि नदीवरून ओल्या केसांनीच आलेल्या दादापुढे धरले. दादाने हात मागे घेतला. "असा नको. जल्मभर लोक म्हनतील, भावजीनं दिला. परत लावा कुस्ती. आत्ता."

"लावा," धाकू म्हणाला.

"आरं पन पंच कोन?" पाटलांनी चहूकडे पाहिले. प्रत्येकजण मागे सरकला. कल्याणचे वस्ताद तर आपल्याच पायतणाकडे पाहू लागले.

धाकू म्हणाला, "पंच वस्तादच."

दादा म्हणाला, "मना बी चालतील. कालचे भावजी नको. आजचे चालतील."

पालखी तिथेच ठेवून सारी जत्रा आखाड्याकडे धावली. आज याहून जास्त लिहवत नाही. घसा फार दुखतो आहे. धुळीने असेल.

चैत्र वद्य द्वितीया

माझा आवाज पार बसला आहे. सकाळपासून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू आहेत.

कुस्ती फार वेळ चालली नाही. दादा पुन्हा पायावर गेला, पण या खेपेला धाकू तयार होता. त्याने पाय दिला, मान पकडली आणि अंगाला असा पीळ दिला की दादा हवेत फिरून पाठीवर आला, आमच्या गाडीच्या बरोबर समोर. ह्यांनी कोणाकडेही पाहिले नाही. हलगी थांबायच्या आत ह्यांचा हात धाकूच्या पाठीवर पडला होता. "कुस्ती धाकूची!" दादा मातीत पडल्या पडल्या हसत होता आणि धाकू त्याला उठवीत होता. कडे धाकूला मिळाले. नदीपलीकडचे लोक एक शब्द न बोलता जिलब्यांच्या दुकानाकडे गेले. पाटील मामलेदारांना कळवणार आहेत की कुस्त्या तंट्याविना झाल्या, आणि पुढच्या चैत्रालाही पंच हेच.

या सर्व वेळी मी गाडीवर शांत बसून होते, असे मी लिहिणार होते. पण सासूबाई गुळण्यांचे पाणी देताना म्हणाल्या, "आनी वरड. काल बसलीस कवा? गाडीच्या जोखडावर उबी होतीस. 'नाय लागली, पाठ नाय लागली!' करून सगली जत्रा डोक्यावर घेतलीस."

मी जोरजोरात मान हलवून नाही म्हटले. तर कुंपणापलीकडून गोदूबाईंनी साक्ष दिली. ह्यांनी निकाल दिल्यावरही मी थांबले नव्हते म्हणे. माझा पदर धरून दोघींनी मला खाली बसवले.

दोन्ही खांदे टेकले होते. मला स्वच्छ दिसले होते. मग ते कोण ओरडत होते?

दादा सकाळीच ठाण्याला गेला. जाताना शिंकत होता.

दुपारी हे शेतावरून आले. मला राहवेना. पाय धुवायला पाणी दिले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून विचारले, "काल तुम्हाला काही ऐकू आले का?"

"कोनतरी बाई वरडत होती खरी," पाय धूत हे म्हणाले. "कोन ती, ता बगायला सवड नव्हती." आणि आत जाऊन पाटावर बसले.